लेम्युएल शॉ यांचे हात खरंच बांधलेले होते का?

तळटीप (धागाकर्ता)

एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन न्यायाधीश म्हटलं की आपली गाडी मार्शल आणि ड्रेड स्कॉट निकालवाले (काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही म्हणणारे) टॉनी या दोन नावांवर थांबते. दोघंही वॉशिंग्टनच्या, म्हणजे संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. पण कामावर हात तुटला तर भरपाई कोणी द्यायची, कामगारांनी एकजूट करून अडून बसणं हा गुन्हा आहे का, शाळेने कुठलं मूल घ्यायचं आणि कुठलं परत पाठवायचं, हे त्या काळी राज्यांच्या न्यायालयांत ठरत होतं. आणि तिथे लेम्युएल शॉ यांच्याइतका दबदबा दुसऱ्या कुणाचा असेल असं मला वाटत नाही.

थोडक्यात ओळख. जन्म १७८१, केप कॉडवरचं बार्नस्टेबल गाव, वडील पाद्री. १८०० साली हार्वर्डची पदवी, काही दिवस मास्तरकी, काही दिवस वर्तमानपत्रात उमेदवारी, मग वकिली. १८२२ मध्ये बॉस्टनला शहराचा दर्जा मिळाला तेव्हा त्याची सनद लिहिली ती यांनीच. १८३० मध्ये वकिलीतून थेट मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. जोरात चाललेली वकिली सोडून सरकारी पगारावर यायला गडी राजी नव्हता, सिनेटर डॅनियल वेब्स्टरला येऊन मनधरणी करावी लागली. एकदा बसले ते १८६० पर्यंत उठले नाहीत. या तीस वर्षांत त्यांच्या नावावर सुमारे २,२०० निकाल आहेत.

आता मुद्द्यावर येतो. शॉ यांची बाजू घेणारे एक वाक्य नेहमी पुढे करतात: मनाने ते गुलामगिरीच्या विरोधात होते, पण कायद्याने त्यांचे हात बांधलेले होते. पहिला भाग खरा आहे. १८२० मध्ये मिसूरीला गुलामगिरीसकट राज्य म्हणून घ्यायचं का हा वाद पेटला होता तेव्हा त्यांनी गुलामगिरीवर टीका करणारा लेख लिहिला होता. माझा आक्षेप दुसऱ्या भागाला आहे.

दोन खटले शेजारी शेजारी ठेवा.

पहिला १८४२ चा. निकोलस फारवेल हा बॉस्टन अँड वूस्टर रेल्वेचा इंजिन ड्रायव्हर, रोज दोन डॉलर पगार. १८३७ मध्ये पॉइंट्समनने रुळांचा सांधा चुकीच्या बाजूला ठेवला, इंजिन घसरलं आणि फारवेलचा उजवा हात चिरडून गेला. त्याने कंपनीवर दावा लावला. राज्यात अशा दाव्यावर आधीचा निकाल नव्हता, पाटी कोरी होती. शॉ यांनी काय लिहावं? की माणूस नोकरी धरतो तेव्हा त्या कामातले धोके पत्करूनच धरतो, त्या धोक्यांचा मोबदला पगारातच आलेला असतो, आणि सोबतच्या नोकराची चूक हाही त्यातलाच एक धोका. म्हणजे मालक सुटला. असा करार त्या ड्रायव्हरने कुठे केला होता? कुठेच नाही. तो शॉ यांनी गृहीत धरला, आणि एकूण समाजाच्या दृष्टीने सोयीचं काय, याचा विचार करून धरला, हे निकालात उघड म्हटलं आहे.

दुसरा १८५१ चा. टॉमस सिम्स, जॉर्जियातून जहाजात लपून बॉस्टनला पळून आलेला, वीटकाम करणारा तरुण. १८५० च्या फ्युजिटिव्ह स्लेव्ह अ‍ॅक्टखाली, म्हणजे पळालेल्या गुलामांना पकडून परत द्यायच्या कायद्याखाली, त्याला पकडलं. लोक त्याला सोडवून नेतील या धास्तीने कोर्टाच्या इमारतीभोवती लोखंडी साखळ्या बांधल्या होत्या. राज्याचे मुख्य न्यायाधीश त्या साखळ्यांखालून वाकून आपल्याच कोर्टात गेले. सिम्सच्या वकिलांनी हेबियस कॉर्पस (कैद कायदेशीर आहे का हे कोर्टाने तपासण्याचा आदेश) मागितला आणि शॉ यांनी तो नाकारला. कारण काय, तर राज्यघटनेत पळालेल्यांना परत देण्याची तडजोड आहे, ती नसती तर संघराज्यच उभं राहिलं नसतं, आणि आम्ही तिला बांधील आहोत. १२ एप्रिलला पहाटे पोलिसांच्या कड्यातून सिम्सला बंदरावर नेलं. १९ एप्रिलला सव्हानामध्ये त्याच्या पाठीवर ३९ फटके पडले.

रेल्वे कंपनीसाठी ज्यांना कोऱ्या कागदावर नियम काढता आला, त्यांना सिम्ससाठी छापील कागदातली एक फटही दिसू नये? म्हणून मला हे 'बांधलेले हात' पटत नाहीत. ते हात लागतील तेव्हा सुटत होते.

वकिलीणबाई

तळटीप, मांडणी झकास आहे, पण पायाच कच्चा आहे.

फारवेलचा दावा कॉमन लॉमधला. तिथे न्यायाधीश नियम घडवतात, त्यांचं कामच ते. विधिमंडळ गप्प असतं, जुना निकाल नसतो आणि समोर पक्षकार उभा असतो. तुम्ही त्याला परत पाठवू शकत नाही. नियम वाईट निघाला म्हणा, मीही म्हणेन. सिम्सचं तसं नव्हतं. तिथे राज्यघटनेच्या चौथ्या कलमात स्पष्ट तरतूद होती, त्यावर काँग्रेसचा १७९३ चा कायदा होता, मग १८५० चा होता, आणि मधे १८४२ मध्ये प्रिग खटल्यात संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदीवर शिक्कामोर्तब केलं होतं. तो निकाल लिहिणारे जोसेफ स्टोरी हेही मॅसॅच्युसेट्सचेच, आणि तेही गुलामगिरीचे विरोधकच. एका राज्याच्या न्यायाधीशाने हे सगळं कशाच्या बळावर झुगारायचं?

आणि एक खटला तुम्ही सोयीने गाळलात. १८३६ मधला मेड नावाच्या सहा वर्षांच्या मुलीचा. न्यू ऑर्लिन्सची मालकीणबाई माहेरी बॉस्टनला आली, येताना या पोरीला घेऊन आली. तिथल्या गुलामगिरीविरोधी महिला मंडळाने कोर्टात धाव घेतली. शॉ यांनी निकाल दिला की गुलामगिरी ही फक्त त्या त्या ठिकाणच्या कायद्याने टिकते, मॅसॅच्युसेट्समध्ये तसा कायदा नाही, त्यामुळे मालक आपण होऊन गुलामाला इथे घेऊन आला तर त्याला परत नेता येणार नाही. पोरगी सुटली. जिथे घटनेची तरतूद लागू नव्हती तिथे हाच माणूस स्वातंत्र्याच्या बाजूने गेला. याला ढोंग म्हणत नाहीत, शिस्त म्हणतात.

खवचट

१८५० च्या कायद्यातला एक तपशील राहिला. माणूस गुलाम ठरवून परत पाठवला तर ते ठरवणाऱ्या कमिशनरला दहा डॉलर फी. सोडून दिला तर पाच. कारण काय, तर म्हणे परत पाठवायला कागदपत्रं जास्त लागतात.

असा कायदा घटनेत बसतो म्हणणाऱ्याच्या शिस्तीला माझा दंडवत.

वकिलीणबाई

खवचट, फीचा तक्ता काँग्रेसने केला होता. शॉ यांनी नव्हे.

चार्ल्सकाठ

मी बरीच वर्षं बॉस्टन परिसरात राहतो, म्हणून सिम्स बाजूला ठेवून दुसऱ्याच खटल्याबद्दल लिहितो.

बीकन हिल ही राज्याच्या विधानभवनामागची टेकडी. दक्षिण उतारावर तेव्हा धनिकांची घरं, उत्तर उतारावर कृष्णवर्णीयांची वस्ती. शॉ माउंट व्हर्नन स्ट्रीटवर राहायचे. तिथून टेकडीच्या माथ्यावरून पलीकडे उतरलं की जॉय स्ट्रीट, तेव्हाचा बेलनॅप स्ट्रीट. तिथे काळ्या मुलांसाठीची स्मिथ शाळा. विटांची इमारत अजून उभी आहे, आता ती आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयाचा भाग आहे. शॉ यांच्या दारापासून त्या शाळेच्या दारापर्यंत रमतगमत गेलात तरी दहा मिनिटं लागणार नाहीत.

सेरा रॉबर्ट्स नावाची पाच वर्षांची मुलगी. वडील बेंजामिन छापखानावाले. घरापासून जवळची प्राथमिक शाळा सुमारे ९०० फुटांवर, पण ती गोऱ्यांची. स्मिथ शाळा २,१०० फुटांवर, आणि वाटेत गोऱ्या मुलांच्या शाळांवरून जायचं. बापाने जवळच्या शाळेसाठी अर्ज केले, प्रत्येक वेळी नकार आला, तेव्हा त्याने शहरावर दावा लावला. वकील चार्ल्स समनर आणि त्यांच्या जोडीला रॉबर्ट मॉरिस, जे अमेरिकेतल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय वकिलांपैकी.

१८५० मध्ये शॉ यांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. कायद्यापुढे सगळे समान हे तत्त्व त्यांनी मान्य केलं. पण समान म्हणजे सगळ्यांना एकाच पद्धतीने वागवणं नव्हे, शाळांची वर्गवारी कशी करायची ते शाळा समितीने ठरवायचं, आणि तिने विचार करून ठरवलं आहे, असं म्हटलं. वेगळ्या शाळांमुळे जातीय पूर्वग्रह पक्का होतो, या समनर यांच्या मुद्द्यावर उत्तर असं की हा पूर्वग्रह, असलाच तर, कायद्याने निर्माण केलेला नाही आणि बहुधा कायद्याने बदलताही येणार नाही.

वकिलीणबाई, मला सांगा, इथे कुठलं चौथं कलम होतं? इथे काँग्रेस नव्हती, दक्षिणेची राज्यं नव्हती, संघराज्य मोडायची भीती नव्हती. होतं ते फक्त मॅसॅच्युसेट्सचं स्वतःचं १७८० चं संविधान, ज्याचं पहिलंच कलम सांगतं की सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. मेडच्या खटल्यात याच कलमाचा आधार घेतला होता. तेव्हा त्यातला 'स्वतंत्र' चालला, सेराच्या वेळी 'समान' चालेना.

तळटीप

चार्ल्सकाठ, +१. याच निकालाचा आधार १८९६ मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयात प्लेसी खटल्यात (रेल्वेत काळ्या-गोऱ्यांसाठी वेगळे डबे) घेतला गेला आणि 'वेगळे पण समान' हे सूत्र पुढे पन्नासएक वर्षं साऱ्या देशाच्या मानेवर बसलं. प्लेसीत बहुमताने म्हटलं ते थोडक्यात असं: बघा, जिथे काळ्या लोकांच्या हक्कांची सगळ्यात जास्त कदर होते त्या मॅसॅच्युसेट्सनेही हेच केलं आहे. शॉ यांची प्रतिष्ठा अशी कामी आली.

पूर्वपक्ष

इथे सगळे एकाच बाजूने बॅटिंग करताहेत, म्हणून मुद्दाम उतरतो.

प्लेसीचं पाप शॉ यांच्या माथी मारू नका. १८९६ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती अस्तित्वात होती, १८५० मध्ये ती नव्हती. मधे यादवी युद्ध होऊन गेलं, गुलामगिरी गेली, समान संरक्षणाचं कलम आलं. एवढं सगळं ओलांडून जुन्या निकालाचा हवाला देणाऱ्या न्यायमूर्तींची जबाबदारी त्यांची स्वतःची.

शॉ यांचा रॉबर्ट्स निकाल मला आवडतो असं नाही. पण त्यांच्या एकूण पद्धतीत तो बसतो: निवडून आलेल्या संस्थेला अधिकार दिला असेल तर कोर्टाने तिच्या जागी बसून शहाणपणा शिकवायचा नाही. याच पद्धतीतून १८५१ चा अल्जर खटला आला. बॉस्टन बंदरातल्या एका धक्क्याचा मालक म्हणत होता, जमीन माझी, मी कितीही पुढे बांधेन. शॉ म्हणाले, तुमची मालकी मान्य, पण सार्वजनिक हितासाठी विधिमंडळ तिच्यावर मर्यादा घालू शकतं. धनदांडग्यांच्या ताटाखालचं मांजर असं लिहीत नाही. आणि समितीने जे केलं ते विधिमंडळ बदलू शकत होतं. बदललंच! १८५५ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा करून शाळांमधली वर्णभेदाची वर्गवारी बंद केली. पाच वर्षांत.

आता कामगारांकडे या. तळटीप फारवेलवर इतके रमले की त्याच १८४२ सालचा हंट खटला त्यांच्या नजरेतून सुटला. बॉस्टनच्या बूट शिवणाऱ्या कारागिरांची संघटना. आमच्या संघटनेत नसलेल्या माणसाला ठेवाल तर आम्ही तुमच्याकडे काम करणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. खालच्या कोर्टाने सात जणांना गुन्हेगारी कटाबद्दल दोषी धरलं. शॉ यांनी ते रद्द केलं. एकत्र येणं गुन्हा नाही, हेतू आणि मार्ग कायदेशीर असतील तर कामगारांनी एकजुटीने काम नाकारणंही गुन्हा नाही, असं बजावलं. अमेरिकन कामगार चळवळीच्या कुठल्याही इतिहासात हा निकाल मैलाचा दगड मानतात. रेल्वे कंपनीचा वकील असा वागेल?

पुढे संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेल्या होम्स यांनी शॉ यांच्याबद्दल म्हटलं होतं की ज्या समाजाचे ते न्यायाधीश होते त्याच्या गरजा त्यांनी अचूक ओळखल्या, यातच त्यांचं मोठेपण होतं. रेल्वे, गिरण्या, बंदरं वाढत होती. त्या धांदलीत जुना इंग्लिश कायदा नव्या जगाला पुरा पडेल असा त्यांनी करून दिला.

खवचट

'समाजाच्या गरजा' म्हणजे नेमक्या कुणाच्या? सेरा रॉबर्ट्सचे वडील समाजात धरलेत की नाही?

रुळावरून

मी रेल्वेतून निवृत्त झालो, आयुष्य ऑपरेटिंगमध्ये गेलं. कायद्यातलं मला कळत नाही, पण फारवेलच्या निकालातलं एक कारण वाचून हसावं की रडावं कळेना.

म्हणे नोकर एकमेकांच्या कामावर लक्ष ठेवू शकतात, कुणी हयगय केली तर वर कळवू शकतात, आणि मालकाने भरपाई द्यायची नाही असं ठरलं की ते जास्त सावध राहतात. अहो, ड्रायव्हर इंजिनावर, पॉइंट्समन खाली रुळाशी. गाडी वेगात येते तेव्हा सांधा नीट लागलाय की नाही हे ड्रायव्हरला कळायचा मार्ग एकच, तो म्हणजे पुढून मिळणारा इशारा. तो इशारा देणाऱ्या माणसाच्या शब्दावर तो गाडी आत घालतो. त्या माणसाला कामावर कोणी ठेवला? कंपनीने. त्याला किती तास उभा ठेवायचा हे कोण ठरवतं? कंपनी. सांध्यावर कुलूप लावायचं की नाही, दुसरा माणूस द्यायचा की नाही? कंपनीच. ड्रायव्हरने लक्ष ठेवायचं ते कशाने, दिव्यदृष्टीने?

आमच्याकडे ट्रॅफिक (पॉइंट्समनचं खातं) आणि लोको (ड्रायव्हरचं) हे दोन वेगळे संसार. एकमेकांची तोंडं महिनोन्महिने बघत नव्हतो.

तळटीप

रुळावरून, फारवेलच्या वकिलाने जवळपास हेच कोर्टात सांगितलं होतं: ड्रायव्हर आणि पॉइंट्समन वेगवेगळ्या खात्यांतले आहेत, एकाला दुसऱ्यावर लक्ष ठेवणं शक्य नाही. शॉ यांनी ते विचारात घेतलं आणि फेटाळलं. खातं कुठलं आणि वेगळं किती, याची रेघ कुठे ओढायची, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे रेघ ओढणं अवघड म्हणून सगळाच भार जखमी माणसावर.

मॅसॅच्युसेट्समध्ये याला विधिमंडळाने पहिली कात्री लावली १८८७ मध्ये. पूर्वपक्ष, शाळांच्या बाबतीत विधिमंडळाला पाच वर्षं लागली, इथे पंचेचाळीस. तेवढ्यात किती हात गेले असतील?

वकिलीणबाई

या मुद्द्यावर मी शॉ यांची वकिली करणार नाही. मी स्वतः कामगारांच्या भरपाईची प्रकरणं चालवते आणि या नियमाची शेपूट आपल्यापर्यंत, भारतापर्यंत आली होती. इंग्लंडमध्ये १८३७ मध्ये प्रीस्टली खटल्यात याची सुरुवात झालीच होती. पुढे हाउस ऑफ लॉर्ड्सने १८५८ मध्ये स्कॉटलंडमधल्या कोळसा खाणीच्या प्रकरणात शॉ यांचा फारवेल निकाल वाखाणला, आणि ब्रिटिश कायद्यात हे तत्त्व घट्ट बसलं. इथल्या कोर्टांत ते तिथूनच आलं. आपल्याकडे त्याला मूठमाती द्यायला १९३८ चा एम्प्लॉयर्स लायबिलिटी अ‍ॅक्ट यावा लागला. इंग्लंडने तर १९४८ पर्यंत ठेवलं होतं.

पण म्हणूनच सांगते, फारवेलला शिव्या घाला आणि सिम्सला वेगळं ठेवा. एकात न्यायाधीशाने मोकळीक वाईट वापरली, दुसऱ्यात त्याला मोकळीक नव्हती. दोन्हींची खिचडी करून 'हात लागतील तेव्हा सुटत होते' म्हणणं हे भाषणात शोभतं.

तळटीप

मोकळीक नव्हती? बघू या.

सिम्सचे वकील गुलामगिरी रद्द करा असं म्हणत नव्हते. म्हणणं साधं होतं. एका माणसाचं उभं आयुष्य ठरवायचं आहे, तर ते न्यायाधीशाने ठरवावं, फीवर नेमलेल्या कमिशनरने नव्हे. त्याला ज्युरी मिळावी. राज्यघटनेचं चौथं कलम म्हणतं की पळून आलेल्याला मागणीनुसार स्वाधीन करावं. कमिशनर, शपथपत्र, आरोपीला साक्ष देण्याची बंदी, ज्युरी नाही, हे त्या कलमात कुठेही नाही. ते १८५० च्या काँग्रेसचं कर्तृत्व. घटनेला हात न लावता कायद्याच्या कार्यपद्धतीवर बोट ठेवायला जागा होती.

दुसऱ्यांनी ती वापरलीही. १८५४ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये जोशुआ ग्लोव्हरला लोकांनी मिलवॉकीच्या तुरुंगातून सोडवलं. त्याबद्दल शर्मन बूथ या संपादकाला धरलं, तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एब्रम स्मिथ यांनी हाच कायदा घटनाबाह्य ठरवून बूथला मोकळं केलं, आणि पूर्ण खंडपीठाने ते उचलून धरलं. स्मिथही शॉ यांच्यासारखेच राज्याचे न्यायाधीश. पदाची शपथही तशीच.

वकिलीणबाई

आणि पुढे काय झालं तेही सांगा की! १८५९ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने विस्कॉन्सिनचा निकाल एकमताने उलटवला. राज्याच्या कोर्टाला संघराज्याच्या कैदेतला माणूस सोडवता येत नाही, हे तत्त्व आजही कायम आहे. बूथ पुन्हा आत गेला.

त्याहून महत्त्वाचं, विस्कॉन्सिनची भूमिका कुठली होती? संघराज्याचा कायदा आम्हाला पटला नाही तर आमचं राज्य तो जुमानणार नाही, ही. हीच भाषा साउथ कॅरोलायना बोलत होती, उलट्या हेतूने. १९५० च्या दशकात शाळांमधला वर्णभेद संपवण्याचे आदेश निघाले तेव्हा दक्षिणेतल्या राज्यांनीही हेच हत्यार उपसलं. तुम्हाला आवडणाऱ्या न्यायाधीशाच्या हातात दिलेलं हत्यार तुम्हाला न आवडणाऱ्याच्याही हातात जातं.

चार्ल्सकाठ

वकिलीणबाई, इथे एक भेद करायला हवा. उलटवला जाण्याच्या भीतीने निकाल न देणं आणि निकाल चूक आहे म्हणून न देणं, या दोन वेगळ्या गोष्टी. शॉ यांनी 'मला पटत नाही पण वरच्या कोर्टापुढे इलाज नाही' असं लिहिलं असतं तर मी तुमच्याबरोबर असतो. त्यांनी ती तडजोड संघराज्याच्या शांततेसाठी आवश्यक आणि शहाणपणाची होती असं लांबलचक समर्थन लिहिलं आहे.

थोडं अवांतर: शॉ यांचे जावई म्हणजे हर्मन मेलव्हिल, 'मोबी डिक' या व्हेलवाल्या कादंबरीचे लेखक. पहिलं पुस्तक सासऱ्यांना (तेव्हा ते सासरे व्हायचे होते) अर्पण केलंय. पुस्तकं चालेनात तेव्हा शेत घ्यायला आणि पुढे परदेश प्रवासाला पैसे सासऱ्यांनीच दिले. घरात माणूस मायाळू होता असं सगळेच लिहितात.

खवचट

अवांतरात माझीही भर. शॉ दिसायला ओबडधोबड, डोकं अवाढव्य. रूफस चोट नावाचे नाणावलेले वकील म्हणायचे, असा किस्सा सांगतात, की हिंदुस्थानातला माणूस लाकडी मूर्तीकडे बघतो तसे आम्ही मुख्य न्यायाधीशांकडे बघतो, कुरूप आहे हे दिसतं पण थोर आहे हे जाणवतं.

हिंदुस्थानचं नाव निघालंच आहे, तर १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली त्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली होती. साखळीखालून वाकून जाणारे त्यात धरायचे की नाहीत, ते तुम्हीच ठरवा.

पूर्वपक्ष

टोमणा छान आहे, पण त्या 'मुक्त करणाऱ्या लोकांना' मुक्त करता आलं ते संघराज्य टिकलं म्हणून. १८५१ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा झुगारला असता, दक्षिण तेव्हाच फुटली असती, तर लिंकन नाही, उत्तरेची तयारी नाही, दोन देश आणि त्यातला एक कायमचा गुलामांचा. शॉ यांच्यापुढे हे भय होतं. ते चुकीचं असेल, खोटं नव्हतं.

आणि एक खटला कुणीच काढला नाही, तो प्राध्यापक वेब्स्टरचा (वर आलेला डॅनियल नव्हे). हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातला रसायनशास्त्राचा प्राध्यापक, त्याने उसने घेतलेले पैसे मागणाऱ्या डॉ. पार्कमनचा १८४९ मध्ये खून केला. भट्टीत सापडलेली कवळी दंतवैद्याने ओळखली, त्यावर सगळं फिरलं. सज्जातल्या प्रेक्षकांना दर दहा मिनिटांनी बाहेर काढून नवे आत घेत होते, इतकी गर्दी. बॉस्टनच्या भद्र वर्तुळातला, हार्वर्डचाच माणूस फासावर जाताना शॉ डगमगले नाहीत, आणि 'वाजवी संशयापलीकडे' म्हणजे काय हे त्यांनी ज्युरीला ज्या शब्दांत समजावलं ते अमेरिकन कोर्टांत शतकभर वापरलं गेलं. 'आपली माणसं' बघून निकाल देणारा न्यायाधीश हा नव्हे.

तळटीप

त्या ज्युरीला केलेल्या भाषणात ते आरोपीच्या विरुद्ध झुकले होते अशी टीका तेव्हाही झाली होती. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय, इथे नको.

मला शेवटचा कागद ठेवायचा आहे. शॉ ऑगस्ट १८६० मध्ये निवृत्त झाले. डिसेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या नागरिकांना उद्देशून एक जाहीर आवाहन निघालं: राज्याचा पर्सनल लिबर्टी कायदा रद्द करा. त्यावर शॉ यांची सही आहे. बेंजामिन कर्टिस यांचीही आहे, ज्यांनी १८३६ मध्ये मेडच्या मालकांची बाजू लढवली, पण १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट निकालाविरुद्ध मत नोंदवलं. माणसं सरळसोट नसतात, हे मान्य.

पण हा कायदा काय होता? १८५५ चा, शाळा एक करणाऱ्या त्याच विधिमंडळाचा. पळून आलेला म्हणून पकडलेल्या माणसाला ज्युरी मिळावी आणि त्याचा वकील सरकारने द्यावा, अशी त्यात तरतूद होती. सिम्सच्या वकिलांनी मागितलं होतं जवळपास तेच. सही करताना शॉ न्यायाधीश नव्हते. पद नाही, शपथ नाही, वरचं कोर्ट नाही. आता हात कोणी बांधले होते?

पूर्वपक्ष

तारीख बघा. त्याच महिन्याच्या २० तारखेला साउथ कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडली. ऐंशीच्या घरातला माणूस युद्ध टाळण्यासाठी जे सुचेल ते करत होता. पुढच्या मार्चमध्ये गेलाही. युद्धात सहा लाखांवर सैनिक मेले. ते टळावं म्हणून एका राज्याचा कायदा मागे घ्या म्हणणं यात तुम्हाला एवढं काळं काय दिसतं?

चार्ल्सकाठ

टाळण्याची किंमत कोण मोजणार होतं, ते दिसतं. सही करणाऱ्यांपैकी कुणाला सव्हानाला जायचं नव्हतं. सिम्स १८६३ मध्ये पुन्हा पळाला, त्या युद्धामुळेच त्याला वाट मिळाली, आणि परत बॉस्टनलाच आला.

वकिलीणबाई

त्या सहीचं समर्थन मी करणार नाही. तो राजकीय कागद आहे, त्यावर राजकीय माणसासारखीच टीका व्हावी. पण १८६० च्या सहीवरून १८५१ चा निकाल वाचायचा असेल तर १८३६ चा निकालही तसाच वाचावा लागेल, आणि मग मेडला सोडणारा न्यायाधीश कोण होता याचं उत्तर तळटीप यांच्याकडे नाही. सिम्सच्या निकालात कायदा कुठे चुकला ते प्रिग खटला समोर ठेवून कुणी दाखवलं तर मी ऐकायला तयार आहे. ज्युरीचा मुद्दा त्यातल्या त्यात जवळ जातो. त्यावर कुणी सविस्तर लिहिणार असेल तर १७९३ च्या कायद्यापासून सुरुवात करा, कारण त्यातही ज्युरी नव्हती आणि तो कायदा करणाऱ्या काँग्रेसमध्ये घटना लिहिणाऱ्यांपैकीच काही जण बसले होते.